सोवळ्यातली वाइन

मागच्या हिवाळ्यात नाशिकमध्ये वाइन चाखण्याच्या एका कार्यक्रमाला गेले होते. कडक इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण ग्लास गोल गोल फिरवून म्हणाला, "यात ब्लॅककरंट येतंय. मागून सिडारचं लाकूड." आम्ही पंचवीस जणांनी माना डोलावल्या. त्या खोलीतल्या एकाही माणसानं जन्मात ब्लॅककरंट खाल्लेलं नव्हतं, आणि सिडारचं झाड समोर येऊन उभं राहिलं असतं तर कुणी ओळखलं नसतं. मला एकदम आप्पासो आठवले. ते असते तर त्यांनी भर सभेत विचारलं असतं, "खाल्लंयस का तू ते कधी?" आणि उत्तर यायच्या आत त्या पोराच्या पाठीत प्रेमाची थाप घालून त्याचा ग्लास सांडवला असता.

आप्पासोंना जाऊन आता दीड वर्ष झालं. कोल्हापूरजवळ उचगावला त्यांची फौंड्री होती. लोखंड वितळवून पंपाचे भाग ओतायचे. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी फौंड्री धाकट्या भावाला दिली आणि मागच्या शेडमध्ये वाइन करायला घेतली. द्राक्षं मिरजेकडची. तांबड्या रश्श्याच्या गावात हे आंबट पाणी कोण पिणार, असं सगळ्यांनी सांगून पाहिलं. आप्पासो म्हणाले, "पित न्हाईत म्हणूनच करायची. पित्यात ते सगळेच करत्यात." या तर्कापुढं गावानं हात टेकले. मी रसायनशास्त्राची पदवी आणि पुण्यातला सहा महिन्यांचा वाइनचा कोर्स एवढ्या भांडवलावर त्यांच्याकडे लागले आणि आठ वर्षं राहिले.

हा माणूस डोळ्यांनी बघत नसे, हातांनी बघे. ओतकाम निवलं की नाही हे तळवा जवळ नेऊन कळायचं, ती फौंड्रीतली सवय. मग ती सगळीकडं गेली. लग्नात आहेर द्यायला गेले की आधी नवरदेवाच्या कोटाचं कापड चिमटीत धरून बघत. एकदा डॉक्टरांनी त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला, तर यांनी त्याची नळी दाबून विचारलं, "रबर कुठलं हो?" वाइनच्या टाकीचं झाकण उघडलं की उजव्या हाताचं पहिलं बोट सरळ आत. मी ओरडायचे. ते नळावर जाऊन साबणानं तीनदा हात धुऊन यायचे आणि पुन्हा बोट आत.

चव घेतली की मात्र ते गंभीर होत. डोळे मिटत आणि म्हणत, "लिहा म्याडम." मी वही काढायची. "पहिल्यांदा तालमीतली माती. सकाळी उकरलेली, ताक-हळद घातलेली. मग नव्या चपलेचं कातडं. शेवटाला, लांबनं, गुऱ्हाळ." फ्रान्सची पुस्तकंही माती, कातडं आणि जळकी साखर हेच म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. एका लाल वाइनवर त्यांचा शेरा होता, "ही सोयऱ्यासारखी हाय. आली तवा गोड बोलली, जाताना तोंड कडू करून गेली." आणि एका पांढऱ्या वाइनला, "ही पोरगी एमपीएस्सीचा अभ्यास करतीया. हुशार हाय. हसत न्हाय."

तर एका वर्षी मुंबईच्या एका निर्यातदारानं फोन केला. कृष्णाकाठच्या नव्या वाइनबद्दल त्यानं ऐकलं होतं. त्याला एक टाकी कोशर वाइन हवी होती.

"केशर?" आप्पासो म्हणाले. "वाइनमधी केशर कशाला? मसाला दूध हाय का ते?"

मी दोन दिवस वाचून काढलं आणि त्यांना समजावलं. कोशर म्हणजे ज्यू लोकांच्या धर्मनियमांत बसणारं. द्राक्ष चिरडलं की तिथून बाटलीला सील लागेपर्यंत त्या रसाला फक्त शनिवार पाळणाऱ्या, म्हणजे त्या दिवशी कुठलंही काम न करणाऱ्या, ज्यू माणसाचा हात लागायचा. टाकीचं झाकण, तोटी, पाइप, सगळं त्याच्याच हातात.

"म्हंजे शेड माझं, टाकी माझी, द्राक्षं माझी आन् मी लांब?"

"हो. मी पण."

त्यांच्या बायको, अक्का, शेंगा निवडत बसल्या होत्या. त्या खो खो हसायला लागल्या. "अवो, सोवळं की हे!" अक्कांचं माहेर नृसिंहवाडीजवळचं. लहानपणी त्या एका भटजींच्या घरी दूध घालायला जायच्या. चरवी उंबऱ्यावर ठेवायची, मग आतून कुणीतरी तिच्यावर पाणी शिंपडून ती उचलायचं. "माझं दूध चालायचं, मी न्हाय," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या.

आप्पासो हसले नाहीत. "तसलं असंल तर नगंच," म्हणाले आणि उठून गेले. दोन दिवस त्यांनी तो विषय काढू दिला नाही.

तिसऱ्या दिवशी निर्यातदारानं ज्यांना देखरेखीला पाठवायचं ठरवलं होतं त्यांचाच फोन आला. आप्पासोंनी रोखठोक विचारलं, "माझ्या हाताला काय झालंय?" पलीकडचा आवाज शांत होता. "तुमच्या हाताला काही नाही झालेलं. उद्या देशाचा राजा आला तरी त्याचाही चालणार नाही. मी स्वतः एक शनिवार मोडला तर माझाही चालायचा नाही. दुसराही मार्ग आहे, वाइन एकदा उकळून घेतली की मग कुणीही हात लावा."

"उकळून?" आप्पासो किंचाळले. "ती काय आमटी हाय? न्हाय, न्हाय. तुम्ही या. मी लांब हुतो."

माणूस राजालाही लांब ठेवतो म्हटल्यावर त्यांची तक्रार मिटली होती. अपमान त्यांना चालत होता, फक्त सगळ्यांचा सारखा व्हायला हवा होता.

फेब्रुवारीत आम्ही त्या गृहस्थांना आणायला कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर गेलो. फोनवर मराठीत बोलणं झालं होतं, तरी ज्यू म्हटल्यावर आप्पासोंच्या डोळ्यांसमोर मराठी शिकून आलेला उंच, गोरा, दाढीवाला परदेशीच होता. त्यांनी हार घेतला होता, फेटा बांधणारा माणूस बरोबर आणला होता आणि "हाऊ वॉज युवर जर्नी" हे वाक्य रस्ताभर घोकलं होतं. गाडी लागली. तिच्यातून खरंच एक उंच, गोरा, दाढीवाला उतरला. आप्पासोंनी त्याच्या गळ्यात हार घातला, फेटा बांधवून घेतला, पाठीत थाप घातली आणि घोकलेलं वाक्य सोडलं. तो बिचारा अंबाबाईचं देऊळ बघायला आलेला प्रवासी. इतक्या स्वागतानं त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागून एक बुटके, चष्मेवाले म्हातारे गृहस्थ दोन स्टीलचे डबे सावरत आले. "अहो, तुमच्यात उचगावचे आप्पासो कोण? मी अर्धा तास झाला शोधतोय."

आप्पासो वळले. "मीच की. तुमचं नाव?"

"हायेम."

"हाईसा ते दिसतंय की. पण नाव काय?"

"हायेम! नावच हायेम आहे."

हायेमकाका अलिबागकडचे. बेने इस्राएल, म्हणजे कोकणात शेकडो वर्षं राहिलेले मराठी ज्यू. वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत. त्यांनीच सांगितलं की त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. आप्पासोंनी त्यांचा हात हातात घेऊन तळवा चाचपला. "व्हय, हात कामाचा हाय." फेटा मात्र गेला तो गेला. तो प्रवासी तो घालूनच देवळाकडं निघून गेला.

संकट वाइनचं आलं नाही, जेवणाचं आलं. पाहुणा येणार म्हणून अक्कांनी मटणाचा घाट घातला होता. हायेमकाकांनी हात जोडले. त्यांच्या नियमानं कापलेलं नसेल तर मटण चालत नाही, आणि भांडी त्यांची त्यांनी आणली होती. ते आपल्या पातेल्यात भात शिजवायचे, अंडी उकडायचे, वर काकडी. आप्पासो हादरले. "पावणा माझ्या घरात उकडलेली अंडी खाऊन ऱ्हातोय. गावात तोंड कसं दाखवू?" मग त्यांनी ठरवलं, पाहुणा खाईल तेच आपण खायचं. तीन आठवडे आप्पासो अंडी, भात आणि काकडीवर राहिले. त्यांच्या दाढेला मटण लागलेलं नाही ही बातमी उचगावभर झाली आणि दोघं-तिघं तब्येतीची चौकशी करून गेले.

टाकी आधी पाण्यानं भरून, रिकामी करून, पुन्हा भरून शुद्ध झाली. द्राक्षं चिरडायच्या दिवशी हात कमी पडू नयेत म्हणून मुंबईहून शनिवार पाळणारे आणखी दोघं आले आणि गेले. मग हायेमकाकांनी फौंड्रीतला खडू घेऊन टाकीपासून चार हातांवर जमिनीवर रेघ मारली. आप्पासो आणि मी रेघेच्या अलीकडं. काका आत आकडे वाचणार, मी बाहेर लिहिणार. चव घ्यायची तर ते ग्लासात थोडी काढून रेघेवरच्या स्टुलावर ठेवत आणि मागं सरकत. मग आप्पासोंनी ग्लास उचलायचा. उरलेली परत टाकीत नाही. "वाघाला मटान टाकल्यागत करतोय," आप्पासो माझ्या कानात म्हणाले. पण रेघ त्यांनी ओलांडली नाही. उलट शपथ घेतली, "काका, तुम्ही सांगितल्याबिगर ह्या शेडात मी बोट हलवणार न्हाय. ह्या म्याडमबी न्हाईत."

ही शपथ आम्हाला महागात पडली.

पुढच्या शनिवारची गोष्ट. वाइन ऐन आंबण्यात होती, म्हणजे टाकीच्या पोटात तुफान चाललेलं. दुपारी टाकी थंड ठेवणारं यंत्र बंद पडलं. बाहेरच्या काट्यावर उष्णता चढताना दिसत होती. पस्तीस अंशांच्या पुढं गेली की वाइन शिजल्यासारखी होते, टाकून द्यायची. मी फाटकाशी उभी राहून मेकॅनिकला फोनवर फोन लावत होते. तो जयसिंगपूरला कुणाच्या तरी साखरपुड्यात होता.

परत आले तर हे दृश्य. हायेमकाका खुर्चीत पुस्तक घेऊन बसलेले. शनिवारी ते कुठलंही काम करत नसत आणि कुणाला कर असं सांगतही नसत. आप्पासो रेघेच्या अलीकडं ताठ उभे, शपथेला बांधलेले. एकाला सांगता येत नव्हतं आणि दुसरा सांगितल्याशिवाय हलणार नव्हता.

"ऊन फार आहे," हायेमकाका म्हणाले.

"मार्चच हाय," आप्पासो म्हणाले.

"आमच्याकडे अशा उन्हात म्हशी पाण्यात बसतात."

"आमच्याकडंबी."

हायेमकाकांनी पान उलटलं. "एखादी बसली नाही, तर तिच्या अंगावर ओलं गोणपाट टाकतात. बाहेरून. तेवढ्यानंही तिला बरं वाटतं."

आप्पासोंनी विचार केला. "तुमची म्हस हाय?"

"नाही हो."

"मग?"

काटा तेहतिसावर आला. हायेमकाकांच्या कपाळाला घाम फुटला. "गोणपाट," ते नुसतंच छताकडं बघून म्हणाले. "काय सुंदर वस्तू आहे."

"काकास्नी ऊन लागलं," आप्पासो मला म्हणाले. मला अर्थ लागला होता, पण मी तोंड उघडणार इतक्यात ताक घेऊन आलेल्या अक्का दारातून ओरडल्या, "अवो, टाकी भायेरनं भिजवा म्हणत्यात ते!"

"मग तसं सरळ सांगायचं की!"

"त्यांस्नी आज सांगता येत न्हाय."

"आन् तुला कसं कळलं?"

"तीस वर्सं मी दुसरं काय करतोय?" अक्का म्हणाल्या. आमच्याकडं बायकाही 'करतोय'च म्हणतात, पण त्या दिवशी ते जरा जास्तच ठसकेबाज वाटलं.

मग आप्पासो सुटले. फौंड्रीतली सगळी गोणपाटं आली, शेजारच्या दूध डेअरीतून बर्फ आला. टाकीचं झाकण बंद आणि सीलबंदच होतं, आम्ही फक्त बाहेरून तिला गुंडाळत होतो. चार वाजता काटा अठ्ठावीसवर आला. हायेमकाका पुस्तकातून मान वर न करता म्हणाले, "मी काही म्हटलेलं नाही." आणि मग, कुणाला उद्देशून ते कळलं नाही, "अक्का फार हुशार आहेत."

वाइन तयार झाली. हायेमकाका टाकीला दुहेरी सील लावून घरी गेले आणि पावसाळ्यानंतर बाटल्या भरायला परत आले. भरायच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी तोटीवरचं सील काढलं, थोडी वाइन तपासायला घेतली, तोटी घट्ट बंद केली आणि ते ग्लास घेऊन खिडकीशी गेले. तोटीच्या टोकाला एक थेंब लोंबत राहिला. रेघ पावसाळ्यात पुसून गेली होती. आप्पासो बोलत बोलत तिथून चालले होते, काहीतरी गणपतीच्या मांडवाबद्दल. बोलता बोलता उजव्या हाताचं पहिलं बोट पुढं झालं, थेंब टिपला आणि तोंडात गेलं.

मग ते थांबले. बोट तोंडातच.

हायेमकाकांची पाठ होती. पाहिलं ते मी एकटीनं. आप्पासोंनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. हजार लिटर वाइन, आठ महिन्यांचं सोवळं, तीन आठवड्यांची अंडी. ते बाहेर गेले. फाटकापर्यंत गेले, परत आले, पुन्हा फाटकापर्यंत गेले. मी वहीत उगीच तारीख गिरवत बसले. मी काही बोलणार नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं. तिसऱ्या खेपेला ते सरळ हायेमकाकांपुढं जाऊन उभे राहिले आणि बोट वर केलं, जणू कापून घ्यायला दिलंय.

"काका, ह्यानं घाण केली."

हायेमकाकांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांच्यातला निरीक्षक जागा झाला. "थेंब केवढा होता?"

"मुगाएवढा."

"तोटी बंद होती?"

"गच्च."

"बोट तोटीला लागलं?"

आप्पासोंनी बोट खाली घेतलं. "जरासं."

हायेमकाकांनी मुंबईला त्यांच्या धर्मगुरूंना फोन लावला. बराच वेळ बोलणं चाललं. मुगाचा आकार दोनदा सांगितला गेला. तेवढा वेळ आप्पासो वर्गाबाहेर काढलेल्या मुलासारखे भिंतीकडं तोंड करून उभे होते. शेवटी हायेमकाका फोनवर हात ठेवून म्हणाले, "तोटी बंद होती, त्यामुळे आतल्या वाइनला काही झालेलं नाही. तोटीवर मी उकळतं पाणी ओततो. झालं." आप्पासो खाली बसले ते बसलेच. हायेमकाकांनी पुन्हा फोन कानाला लावला, ऐकलं आणि विचारलं, "ते विचारतायत, चव कशी होती?"

"त्यांस्नी सांगा," आप्पासो जमिनीवरूनच म्हणाले, "भ्या वाटत असलं की चव लागत न्हाय."

दुसऱ्या दिवशी बाटल्या भरल्या. बूच बसलं, त्यावर एक सील, त्यावर दुसरं. सीलबंद बाटली कुणीही हाताळावी, असा नियम. हायेमकाकांनी पहिली बाटली आणून आप्पासोंच्या दोन्ही हातांत ठेवली. आप्पासोंनी ती फिरवली, दाबली, काचेवरून अंगठा नेला, तान्ह्या पोराचं वजन बघावं तसं वर-खाली केलं. मग एक बाटली आमच्यासाठी उघडली. त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. मी वही काढली. "लिहा" आलं नाही.

"म्याडम," ते डोळे न उघडता म्हणाले, "ही आपल्या आजवरच्या सगळ्यांत चांगली झालीय."

"हो."

"माझ्या बोटाबिगर."

"हो."

"म्हंजे येवढी वर्सं ते बोटच खराब करत हुतं का काय?"

मला हे सात वर्षांपासून माहीत होतं. मी म्हटलं, "द्राक्षं चांगली होती यंदा." हायेमकाकांनी तोंडावर रुमाल धरला. आप्पासो आधी माझ्याकडं, मग त्यांच्याकडं बघत राहिले आणि इतक्या मोठ्यानं हसले की डेअरीतली माणसं बघायला आली.

त्या वर्षअखेर माझं नाशिकच्या एका वायनरीत नोकरीचं ठरलं. निघायच्या आठवड्यात आप्पासो आणि अक्का अलिबागला निघाले होते, हायेमकाकांच्या नातीच्या लग्नाला. मी त्यांना पोचवायला स्टँडवर गेले. बरोबर त्या वाइनचं बारा बाटल्यांचं खोकं. गाडी भरलेली. कंडक्टर म्हणाला, "खोकं वर टाका." आप्पासो म्हणाले, "ते लग्नाचं वऱ्हाड हाय. वऱ्हाडाला कुणी वर टाकतंय व्हय?" बरीच हुज्जत झाली. शेवटी गाडी हलली तेव्हा खिडकीजवळच्या सीटवर खोकं बसलं होतं, त्याच्या शेजारी अक्का, आणि आप्पासो मधल्या वाटेत दांडा धरून उभे. अलिबागपर्यंत तसेच जाणार होते.

गाडी वळताना ते खाली वाकले आणि खिडकीतून मला काहीतरी ओरडून सांगायला लागले. इंजिनाच्या आवाजात एक अक्षर ऐकू आलं नाही. चेहरा अगदी गंभीर होता, महत्त्वाचं काही असावं. मी जोरजोरात मान हलवून हो म्हटलं. त्यांचं समाधान झालेलं दिसलं.

कशाला हो म्हटलं, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.